बेंच पॉवर सप्लाय : व्होल्टेज उतरवण्याची रचना
प्रयोगशाळेच्या टेबलावरचा, हवे ते व्होल्टेज देणारा वीजपुरवठा संच. व्होल्टेज चढवणे सोपे. रचनेचा कस लागतो तो उतरवताना. नेहमीच्या लिनिअर संचातला पास ट्रान्झिस्टर लोडला प्रवाह देतो, परत ओढून घेत नाही. त्यामुळे नॉब ३० व्होल्टवरून ५ वर आणला, तरी लोड नसताना आउटपुट कपॅसिटर भरलेलाच राहतो आणि मीटरचा आकडा रेंगाळतो. १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर १० मिलिअँपिअरने रिकामा होत असेल, तर अडीच सेकंद लागतात. तेवढ्यात ५ व्होल्टची चिप जोडली, तर ती जळू शकते.

स्वस्त उपाय म्हणजे आउटपुटला समांतर ब्लीडर रेझिस्टर. पण १ किलोओहमचा रेझिस्टर ३० व्होल्टला ०.९ वॉट उष्णता फेकत बसतो आणि ५ व्होल्टला जेमतेम ५ मिलिअँपिअर ओढतो; म्हणजे ऐन गरजेच्या वेळी ढिला.

स्थिर प्रवाह ओढणारा ट्रान्झिस्टर त्याहून बरा. त्याला छोटा ऋण पुरवठा दिला की तो शून्य व्होल्टपर्यंत काम करतो. चांगल्या संचांत हा ट्रान्झिस्टर आउटपुट ठरवलेल्या पातळीच्या वर गेले तरच चालू होतो. कपॅसिटर लहान ठेवूनही उतरण जलद होते. मात्र मग लोड अचानक बदलल्यास व्होल्टेज जास्त हेलकावते.