रिकाम्या स्लॉटची कुळकथा

लासलगावच्या कांदा बाजारात हिशेबासाठी घेतलेला कॉम्प्युटर दहा वर्षे सहज काम देऊ शकतो. वजन, भाव, हमाली, तोलाई आणि शेवटी शेतकऱ्याच्या हाती पडणारी हिशेबपट्टी, एवढ्याला यंत्राची फारशी ताकद लागत नाही. बाजार समिती १९४७ सालची. तिथली आवक कितीही वाढली तरी बेरीज-वजाबाकीसाठी कुणाला ग्राफिक्स कार्ड घ्यावे लागणार नाही. मात्र तसाच कॉम्प्युटर घरी असेल आणि मुलाने त्यावर नवा गेम टाकला, तर दोन वर्षांपूर्वीचे यंत्रही धापा टाकू लागते.

घरातला कॉम्प्युटर उघडायची, त्यात भर घालायची सवय लोकांना हिशेबाने लावली नाही, गेमने लावली. आणि अशी भर घालता आली ती मदरबोर्डवरच्या रिकाम्या स्लॉटमुळे.

या स्लॉटांवरून सुरुवातीला वाद झाला. १९७७ साली ‘अ‍ॅपल टू’ हा कॉम्प्युटर तयार होत असताना कंपनीच्या स्टीव्ह जॉब्झला दोनच स्लॉट पुरेसे वाटत होते, एक प्रिंटरला आणि एक मोडेमला. त्याचा भागीदार स्टीव्ह वॉझ्नियाक आठांवर अडून बसला आणि आठच ठेवले गेले. पुढे १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला. त्यात पाच स्लॉट होते, शिवाय यंत्राची तांत्रिक माहिती कंपनीने छापून विक्रीला ठेवली होती. त्यामुळे कुणीही त्यासाठी कार्ड बनवू शकत होते. ट्रॅक्टर एकदा घेतला की त्याला आज नांगर, उद्या रोटाव्हेटर, परवा ट्रॉली जोडावी, तशी ही सोय होती. १९८९ मध्ये सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचे ‘साउंड ब्लास्टर’ आले आणि तोवर बहुतांशी नुसते ‘पीं-पीं’ करणारे पीसी संगीत वाजवू लागले.

महाराष्ट्रातल्या कित्येक शाळांच्या संगणक कक्षात मुलांनी पहिला खेळ खेळला तो ‘डेव्ह’. ‘डेंजरस डेव्ह’ हा गेम प्रोग्रॅमर जॉन रोमेरोचा. सप्टेंबर १९९० मध्ये त्याचा सहकारी जॉन कारमॅक याने पीसीच्या पडद्यावर चित्र अलगद सरकवण्याची युक्ती शोधली. तोवर ती करामत मुख्यतः व्हिडिओ गेमच्या खास यंत्रांना जमत असे. ती दाखवण्यासाठी रातोरात जो नमुना तयार झाला, त्याचा नायक हा डेव्हच होता! त्यातून १९९१ साली ‘इड सॉफ्टवेअर’ ही कंपनी उभी राहिली आणि डिसेंबर १९९३ मध्ये तिने ‘डूम’ बाजारात आणला.

‘डूम’ला ३८६ प्रोसेसर आणि ४ एमबी रॅम हवी होती. यंत्र मंद असेल तर खेळाची चौकट लहान करून खेळायची मुभा होती. चित्र जितके लहान तितके काम कमी. १९९६ च्या ‘क्वेक’ या गेमने मात्र दयामाया दाखवली नाही. त्याची गणिते दशांश अपूर्णांकांची होती आणि ती पेंटियमला झपाट्याने जमत. जुन्या ४८६ प्रोसेसरवाले मागे पडले. त्याच वर्षी ‘थ्रीडीएफएक्स’ कंपनीचे ‘व्हूडू’ कार्ड आले. ते फक्त त्रिमिती चित्रे काढत असे. नेहमीचे कार्ड तसेच ठेवायचे, व्हूडू शेजारच्या स्लॉटमध्ये बसवायचे आणि दोन्ही एका आखूड केबलने जोडायचे. केवळ खेळासाठी कॉम्प्युटरमध्ये वेगळे कार्ड घालण्याची रीत तिथून रुजली.

भारतात ही रीत परवडू लागली ती एका करारामुळे. १९९७ साली देश जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान करारात सामील झाला आणि २००५ पर्यंत कॉम्प्युटरच्या बहुतेक भागांवरचे आयात शुल्क शून्यावर आले. मुंबईत ग्रँट रोड स्थानकाजवळच्या लॅमिंग्टन रोडवर, जिथे आधी रेडिओचे सुटे भाग मिळत, तिथे मदरबोर्ड आणि रॅमची दुकाने भरली. ‘असेंबल्ड’ कॉम्प्युटर हा मध्यमवर्गीय घराचा शब्द झाला. २००१ साली एमकेसीएल स्थापन झाली आणि तिच्या एमएस-सीआयटी या संगणक अभ्यासक्रमाच्या वर्गांनी तालुक्याच्या आणि बाजाराच्या गावांत कॉम्प्युटर नेला. शिकायला म्हणून आलेल्या यंत्रावर संध्याकाळी गेम चालू लागले.

मागणी किती वेगाने चढली, हे ‘जीटीए’ या एकाच घराण्याच्या गेमवरून दिसते. २००३ च्या ‘व्हाइस सिटी’ला किमान १२८ एमबी रॅम आणि ३२ एमबीचे ग्राफिक्स कार्ड हवे होते. २००५ च्या ‘सॅन अँड्रियास’ने दोन्ही आकडे दुप्पट केले. ‘जीटीए फोर’ २००८ साली पीसीवर आला तो १ जीबी रॅम आणि २५६ एमबीचे कार्ड मागत. २०१५ च्या ‘जीटीए फाइव्ह’ला ४ जीबी रॅम, १ जीबीचे कार्ड आणि हार्डडिस्कवर ६५ जीबी जागा लागली. बारा वर्षांत रॅम बत्तीस पट झाली, ग्राफिक्सची मेमरीही बत्तीस पट!

गावातल्या कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या कारागिराचे कसब या चढणीवर घडले. स्वस्त मशीनमध्ये ‘ऑनबोर्ड’ ग्राफिक्स असे. ते रॅममधूनच आपला वाटा काढून घेई. १२८ एमबीतले ३२ तिकडे गेले की गेमला ९६ उरत. म्हणून पहिला उपाय रॅम वाढवण्याचा. पण डीडीआर, डीडीआर-टू, डीडीआर-थ्री यांच्या खाचा वेगवेगळ्या ठिकाणी असतात, एकीच्या जागी दुसरी बसत नाही. मग कार्ड. काही मदरबोर्डवर त्यासाठी स्लॉटच दिलेला नसे, आणि असला तरी वीज पुरवणारा जुना एसएमपीएस नव्या कार्डाचा भार पेलेल का, हे पाहावे लागे. नाहीतर ऐन खेळात मशीन बंद पडायचे. ग्रामीण महाराष्ट्रातल्या भारनियमनाच्या वर्षांत तर यूपीएसचाही हिशेब करावा लागे. कुठला भाग ठेवायचा आणि कुठला बदलायचा, हे नेमके ओळखणारा माणूस गिऱ्हाइकाचे हजारो रुपये वाचवत असे. या ज्ञानाची नोंद कुठल्या अभ्यासक्रमात फारशी झाली नाही, याची खंत वाटते.

२००३ साली पीसीआय एक्स्प्रेस या स्लॉटचे मानक ठरले. नंतरच्या आवृत्त्यांनी वेग वाढवला, पण ग्राफिक्स कार्डाचा स्लॉट त्याच घडणीचा ठेवला; म्हणून दहा वर्षांपूर्वीच्या मदरबोर्डवर आजचे कार्ड बहुधा चालते. जुन्या हार्डडिस्कच्या जागी एसएसडी घातली तर यंत्र हलके झाल्यासारखे धावते. नवी अडचण ताकदीची नाही. विंडोज टेनचे नियमित अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. विंडोज इलेव्हनला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, आणि ‘व्हॅलोरंट’सारखा गेमही त्या विंडोजवर ती तपासतो. सुदैवाने अनेक डेस्कटॉप मदरबोर्डवर टीपीएम मॉड्यूलसाठी पिना दिलेल्या असतात.

लॅपटॉपची गोष्ट कठीण आहे. अनेक पातळ मॉडेलांत रॅम बोर्डावरच डाखलेली असते आणि ग्राफिक्स चिप तर जवळपास सगळ्यांतच. मुलासाठी यंत्र घ्यायला निघालेल्या पालकांनी किंमत आणि प्रोसेसरबरोबर दुकानदाराला आणखी दोन गोष्टी विचाराव्यात: रॅमचा स्लॉट रिकामा आहे का, आणि एसएसडी बदलता येते का.