सात, तीन, दोन

कुंडीसाठी माती कशी बनवायची, हे आज तीस सेकंदांच्या रीलमध्ये कळतं. शंभर वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या मोठ्या बागांत ते माळ्यांचं गुपित होतं. प्रत्येक झाडाला वेगळं मिश्रण लागतं, असा समज होता आणि ते शिकायला कुणाच्या तरी हाताखाली वर्षं काढावी लागत.

ते गुपित फोडलं लंडनजवळच्या मर्टन इथल्या जॉन इनेस संस्थेने. तिथे वनस्पतींच्या आनुवंशिकतेवर संशोधन चालायचं. रोपंच मेली, तर प्रयोग वाया. म्हणून १९३० च्या दशकात विल्यम लॉरेन्स आणि जॉन न्यूवेल यांनी मातीचाच पद्धतशीर अभ्यास केला. निष्कर्ष साधा होता: बहुतेक झाडांना एकच मिश्रण चालतं. सात भाग वाफेने निर्जंतुक केलेली पोयट्याची माती, तीन भाग पीट, दोन भाग जाड वाळू. सोबत थोडा चुना आणि ठरलेलं खत. त्या खतात नत्रासाठी जनावरांच्या खुरांची आणि शिंगांची पूड असे.

मला सगळ्यात आवडतं ते पुढचं. संस्थेने हे सूत्र विकलं नाही, छापून मोकळी झाली. कुणीही बनवावं, कुणीही विकावं. आम्ही सॉफ्टवेअरवाले ज्याला ओपन सोर्स म्हणतो, तेच.

पण चांगली पोयट्याची माती मिळणं अवघड, ती जड आणि प्रत्येक वेळी वेगळी. पीट हलकं, एकसारखं, पाणी धरून ठेवणारं. १९६० च्या दशकात अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाने पीटमध्ये व्हर्मिक्युलाइट किंवा परलाइट घालून मातीच वगळली. कारखान्यांना हेच हवं होतं. तीन भागांचं पीट हळूहळू मिश्रणाचा मुख्य भाग झालं.

पीट म्हणजे दलदलीत अर्धवट कुजून साचलेलं शेवाळ. त्याचा थर वर्षाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. ढोबळ हिशेब करून पाहिला: ३० सेंटीमीटर खोल कुंडीत जुन्या सूत्रानेही साडेसात सेंटीमीटर पीट जातं. म्हणजे दलदलीची ७५ वर्षं, एका मोसमाच्या टोमॅटोसाठी! शिवाय जगाच्या जमिनीचा जेमतेम तीन टक्के भाग व्यापणाऱ्या या दलदलींत सगळ्या जंगलांपेक्षा जास्त कार्बन साठलेला आहे. ब्रिटिश सरकारने २०२२ मध्ये इंग्लंडमधल्या हौशी बागकामासाठी पीटविक्रीवर बंदी जाहीर केली, ती यामुळेच.

आपल्याकडे नर्सरीत मिळतं ते कोकोपीट. नावात पीट असलं, तरी तो नारळाच्या सोडणातून काथ्या काढल्यावर उरणारा भुसा. त्यासाठी कुठली दलदल उपसावी लागत नाही. मात्र त्यात बऱ्याचदा क्षार असतात. दोन-तीनदा भिजवून पिळल्याशिवाय वापरू नये.

माझ्या गच्चीवर मी सात-तीन-दोन हेच प्रमाण ठेवलंय. पीटच्या जागी धुतलेलं कोकोपीट, खुरा-शिंगांच्या जागी निंबोळी पेंड आणि वरून गांडूळखत. पीट आम्लधर्मी असतं, कोकोपीट तितकं नसतं, म्हणून चुना गाळला. लॉरेन्स-न्यूवेलनी सूत्र उघड केलं, म्हणूनच त्यातला एक भाग बदलणं इतकं सोपं आहे.