ऊन कुणाच्या पाठीवर?

आजचा प्रश्न साधा आहे. सूर्य माणसाच्या मागे असताना त्याचा फोटो काढला, तर चेहरा काळा का येतो? अमरावती-अकोल्याकडे दसऱ्यापासून मृगापर्यंत जे ऊन असतं, त्यात हा अनुभव आपल्यापैकी प्रत्येकाला आहे. पण या काळ्या चेहऱ्यालाही एक इतिहास आहे.

१८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आलं. पुढच्याच वर्षी मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. अजिंठ्याची चित्रं उतरवायला १८४४ पासून नेमलेले रॉबर्ट गिल पुढे कॅमेऱ्याकडे वळले, आणि आपल्या लोणारची देवळंही त्यांनी टिपली. त्या काळची पद्धत ओल्या काचेची, १८५१ ची. काचेवर रसायनाचा थर द्यायचा आणि तो वाळायच्या आत फोटो घेऊन काच धुवायची. वैशाखात हे काम किती घाईचं, याची कल्पना आपण करू शकतो.

त्या काचेला निळा-जांभळा प्रकाशच तेवढा दिसे. तांबडा जवळजवळ दिसतच नसे. त्यामुळे आकाश पांढरंफेक आणि सावळी कातडी प्रत्यक्षाहून काळी. त्यात सूर्य पाठीमागे असला, तर माणूस गेलाच! म्हणून नियम झाला की सूर्य फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी हवा. १८८८ नंतर कोडॅकचे साधे कॅमेरे आले. त्यांत उजेड कमी-जास्त करायची सोय फारशी नव्हती, म्हणून तो नियम घरोघरी गेला.

आता बघा, नियम यंत्राच्या सोयीचा, पण त्रास माणसाला. भर उन्हाकडे तोंड करून उभं केलेल्या माणसाचे डोळे बारीक होतात, कपाळाला आठ्या पडतात. मग जुन्या फोटोंतली आपली माणसं रागीट होती असं आपण म्हणतो. ती रागीट नव्हती हो, त्यांच्या डोळ्यांवर ऊन होतं!

आजचा कॅमेराही निष्पक्ष नाही. समोरचं सगळं दृश्य सरासरी करड्या रंगाचं आहे असं तो धरून चालतो. मागचं आकाश लखलखीत असलं की तो एकूण उजेड कमी करतो, आणि त्यात चेहरा बुडतो. नवे फोन अनेक फोटो जोडून हा तोल सांभाळतात, पण नेहमी जमतंच असं नाही.

उपाय आपल्या हातात आहे. फोनच्या पडद्यावर चेहऱ्यावर बोट ठेवा आणि उजेड थोडा वाढवा. आकाश पांढरं पडलं तर पडू द्या. समोरून पांढरं धोतर किंवा चादर धरा, म्हणजे उजेड परतून चेहऱ्यावर येईल. वेचणीच्या दिवसांत फुटलेला कापूसही थोडं हे काम करतो. उन्हाळ्यातली उघडी काळी माती करत नाही. नाहीतर सरळ माणसाला निंबाखाली किंवा ओसरीत घ्या.

आकाश आणि चेहरा दोन्ही सारखे उतरत नसतील, तर आपल्याला निवड करावी लागते. ती निवड यंत्रावर सोडली, की शेतात राबणाऱ्या बाईची नुसती सावली उरते. चित्र म्हणून ती सुंदर असेल, पण तिच्या घरच्यांना त्यात ती ओळखू येईल का? आम्हाला वाटतं, फोटो काढण्याआधी एवढं स्वतःला विचारावं. आज इथेच थांबू.