मूगची शिडी नव्याने बांधताना

१९६९ साली अहमदाबादच्या एनआयडीत डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझर उभा केला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत रॉबर्ट मूग यांना आपल्या फिल्टरचं पेटंट मिळालं. तो ९०४ए फिल्टर आज हौशी मंडळी घरी बनवतात. मग प्रश्न येतोच: त्यासाठी तेव्हाचेच ट्रान्झिस्टर हुडकायचे का?

आधी तो चालतो कसा, ते बघू. ट्रान्झिस्टरच्या जोड्या एकावर एक रचलेल्या, आणि शिडीच्या पायरीसारखा प्रत्येक जोडीला आडवा एक कपॅसिटर. अशा चार पायऱ्या. शिडीतला करंट कमी केला, की ट्रान्झिस्टरचा रोध वाढतो आणि वरच्या फ्रिक्वेन्सी कापल्या जातात, दर सप्तकाला २४ डेसिबल!

खरी मेख आहे जोडीत, त्यातही सगळ्यात खालच्या. डावा-उजवा सारखा नसेल, तर कंट्रोल व्होल्टेज बदलताना तेच 'धप्प' करून आवाजात उतरतं. सुटे ट्रान्झिस्टर म्हणूनच मोजून, निवडून जुळवावे लागतात. आज एसएसएम २२१२ सारख्या चिपमध्ये जुळलेली जोडी तयार मिळते. दोन्ही एकाच सिलिकॉनवर, त्यामुळे तापतातही बरोबरीने.

आणि ती प्रसिद्ध ऊब? सिग्नल जरा जोरात सोडला, की शिडी त्याची टोकं हळूच दाबते. तो गुण मांडणीचा आहे, जुन्या मालाचा नाही. म्हणून पैसे दुर्मिळ पार्टवर उधळू नका. जोडी नीट जुळवा.