मारेक : शहराने टाकलेले आणि क्लबने जपलेले नाव

१/ नोव्हेंबर १९७७. बल्गेरियाच्या नैऋत्य भागातील एका लहानशा शहरात बायर्न म्युनिकचा संघ यूएफा कपचा सामना खेळायला आला आहे. १९७४, १९७५ आणि १९७६ अशी सलग तीन वर्षे युरोपियन कप जिंकणारा हा क्लब. बेकेनबाउअर त्याच वर्षी अमेरिकेला गेलेला असला, तरी सेप मायर, गेर्ड म्युलर, रुमेनिगे ही नावे अजून क्लबच्या यादीत आहेत. सामना संपतो तेव्हा निकाल असतो : यजमान २, बायर्न ०.

२/ युरोपीय स्पर्धांच्या जुन्या नोंदींत या यजमान संघाचे नाव ‘मारेक स्तांके दिमित्रोव्ह’ असे आढळते. वाचणाऱ्यास वाटावे की हे एखाद्या माणसाचे नाव आहे. एका अर्थाने ते तसेच आहे. क्लबचे नाव मारेक आणि शहराचे नाव स्तांके दिमित्रोव्ह. दोन्ही नावे एकाच मृत माणसाची : एक त्याचे खरे नाव, दुसरे भूमिगत जीवनातील टोपणनाव.

३/ आज त्या शहराचे नाव दुप्नित्सा आहे. शहराने ते लादलेले नाव केव्हाच टाकून दिले. क्लब मात्र आजही मारेकच आहे. ज्या राजवटीने ही दोन्ही नावे दिली ती लयास गेली. मग एक नाव गेले आणि दुसरे का राहिले? आजचा धागा या प्रश्नाविषयी आहे.

४/ प्रथम भूगोल. दुप्नित्सा हे राजधानी सोफियाच्या दक्षिणेस, रिला पर्वताच्या पायथ्याशी, जेर्मान नदीच्या काठी वसलेले शहर. परिसरात तंबाखूचे पीक मोठे, त्यामुळे शहरात तंबाखूची गोदामे, ती साठवण्या-निवडण्याचा व्यवसाय आणि त्यावर जगणारा कामगारवर्ग. अशा शहरांत डाव्या चळवळीने लवकर मूळ धरले. आपल्या कथेतील स्तांके दिमित्रोव्ह याच शहरात १८८९ साली जन्मला.

५/ येथे एक खुलासा आवश्यक आहे. बल्गेरियाच्या इतिहासात अधिक प्रसिद्ध दिमित्रोव्ह म्हणजे गिऑर्गी दिमित्रोव्ह, राइशस्टाग जळीत खटल्यातील आरोपी आणि पुढे देशाचा पंतप्रधान. स्तांके हा निराळा माणूस. तोही कम्युनिस्ट पक्षाचा नेता होता. मायदेशात पक्षावर दडपशाही सुरू झाल्यावर त्याच्या आयुष्याचा मोठा काळ सोव्हिएत युनियनमध्ये गेला. ‘मारेक’ हे त्याचे पक्षातील टोपणनाव.

६/ ऑगस्ट १९४४ मध्ये एका विमान अपघातात त्याचा मृत्यू झाला. त्यानंतर काही दिवसांतच, ९ सप्टेंबर १९४४ रोजी, सोफियात सत्तापालट झाला आणि त्याच्या पक्षासाठी सत्तेची दारे उघडली. ज्या दिवसासाठी त्याने आयुष्य वेचले, तो दिवस त्याला दिसला नाही. नव्या राजवटीला हुतात्मे हवेच होते. मृत नेता मतभेद व्यक्त करत नाही, त्यामुळे फलकावर लिहिण्यास तो सर्वांत सोयीचा.

७/ मग नामकरणांची लाट आली. १९४९ साली काळ्या समुद्रावरील वार्ना शहर ‘स्टालिन’ झाले. त्याच वर्षी खाणकामगारांचे पेर्निक गिऑर्गी दिमित्रोव्हच्या नावाने ‘दिमित्रोव्हो’ झाले आणि दोब्रिच हे सोव्हिएत सेनानीच्या नावावरून ‘टोल्बुखिन’ झाले. १९५० मध्ये गोर्ना जुमायाचे ‘ब्लागोएव्हग्राद’ झाले. याच काळात दुप्नित्साचे नाव बदलून आधी ‘मारेक’ आणि नंतर ‘स्तांके दिमित्रोव्ह’ असे ठेवण्यात आले.

८/ फुटबॉल यातून सुटणे शक्य नव्हते. बल्गेरियात हा खेळ १८९४ साली जॉर्ज द रेजिबू या स्विस व्यायामशिक्षकाने वार्नाच्या शाळेत आणला, असे मानले जाते. पुढील पन्नास वर्षांत शहरोशहरी क्लब उभे राहिले. ते कोणी एका वस्तीचे, कोणी एका शाळेचे, तर कोणी एका राष्ट्रीय वीराच्या नावाचे होते. ही मंडळे लोकांनी स्वतः उभारलेली होती. सर्व संघटित जीवन आपल्या कक्षेत आणू पाहणाऱ्या राजवटीला नेमकी हीच गोष्ट अडचणीची वाटत होती.

९/ म्हणून विलीनीकरणे झाली. दुप्नित्सातील क्लब एकत्र करून १९४७ मध्ये ‘मारेक’ स्थापन झाला. १९४८ साली सोफियात सैन्याचा क्लब उभा राहिला, तोच पुढचा सीएसकेए. १९४९ मध्ये सोव्हिएत धर्तीवर क्रीडासंघटना खात्यांनुसार आणि उद्योगांनुसार विभागण्यात आल्या. रेल्वेचा लोकोमोटिव्ह, खाणींचा मिन्योर, तसेच दिनामो, स्पार्ताक अशी सोव्हिएत देशातील ओळखीची नावे बल्गेरियाच्या मैदानांवर उतरली.

१०/ याचे सर्वांत बोलके उदाहरण लेव्हस्की. ऑटोमन सत्तेने १८७३ मध्ये फाशी दिलेल्या क्रांतिकारक वासिल लेव्हस्कीच्या नावाचा सोफियातील हा लोकप्रिय क्लब. १९४९ मध्ये त्याचे ‘दिनामो’ करण्यात आले. मूळ नाव परत मिळाले ते १९५७ मध्ये, म्हणजे स्टालिनच्या मृत्यूनंतर आणि वातावरण काहीसे सैल झाल्यावर. वार्नालाही आपले नाव १९५६ मध्येच परत मिळाले होते.

११/ लेव्हस्कीच्या समर्थकांपुढे परत मिळवण्याजोगे एक जुने, प्रिय नाव होते. मारेकचे तसे नव्हते. विलीनीकरणात आधीच्या क्लबांची नावे विरून गेली आणि उरले ते हे एकच नाव. वरून दिलेले, पक्षाच्या स्मरणविधीतून आलेले. त्या क्षणी ते शहराचे कमी आणि राजवटीचे अधिक होते. यानंतरच्या तीस वर्षांत जे घडले, ते समजून घेतल्याशिवाय आपल्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

१२/ त्या व्यवस्थेत लहान शहराच्या क्लबने वर येणे सोपे नव्हते. खेळाडू कागदोपत्री हौशी असत आणि त्यांचे पगार कारखान्यातून किंवा खात्यातून येत. ज्या क्लबमागे संरक्षण किंवा गृहखात्यासारखे बलाढ्य खाते, त्याच्याकडे साधने अधिक. शिवाय लष्करी सेवा सक्तीची होती, त्यामुळे गुणी तरुण सैन्याच्या क्लबकडे ओढले जाणे हे ओघानेच आले. सोफियाच्या दोन मोठ्या क्लबांनी बहुतेक विजेतेपदे वाटून घ्यावीत यात नवल नव्हते.

१३/ या पार्श्वभूमीवर १९७६-७७ चा हंगाम पाहावा. लेव्हस्की-स्पार्ताक पहिला, सीएसकेए दुसरा आणि तिसऱ्या स्थानी मारेक. रिलाच्या पायथ्याचे हे शहर या क्रमवारीच्या जोरावर प्रथमच यूएफा कपमध्ये पोहोचले.

१४/ पहिल्या फेरीत गाठ पडली बुडापेस्टच्या फेरेंत्सवारोशशी. १९६५ मध्ये फेअर्स कप जिंकलेला आणि १९७५ मध्ये कप विनर्स कपची अंतिम फेरी गाठलेला हा क्लब. मारेकने घरच्या मैदानावर ३-० असा विजय मिळवला. बुडापेस्टमध्ये ०-२ अशी हार झाली, तरी एकूण ३-२ या फरकाने मारेक पुढे गेला.

१५/ दुसऱ्या फेरीत बायर्न. म्युनिकमध्ये ०-३ अशी हार झाली, म्हणजे व्यवहारतः सारे संपल्यातच जमा होते. परतीच्या सामन्यात मारेकने २-० अशी आघाडी घेतली. आणखी एक गोल झाला असता, तर दोन्ही सामन्यांची एकूण गोलसंख्या बरोबरीत आली असती. तो गोल झाला नाही. एकूण ३-२ ने बायर्न पुढे सरकला. पराभव खरा, पण बायर्नवर दोन गोलांनी मिळवलेला तो विजयही तितकाच खरा.

१६/ पुढच्याच वर्षी, १९७८ मध्ये, मारेकने देशाचा चषक जिंकला. त्या काळी या स्पर्धेचे नाव होते ‘सोव्हिएत सेना चषक’. अंतिम सामन्यात समोर होता बल्गेरियन सैन्याचा क्लब, सीएसकेए. निकाल १-०. सेनेच्या नावाचा चषक सेनेच्याच क्लबला हरवून एका तंबाखूच्या शहराने नेला. नावांतील हा विनोद त्या वेळी कोणी मोठ्याने उच्चारला असेल वा नसेल, तो लक्षात येण्याजोगा नक्कीच होता.

१७/ चषकामुळे १९७८-७९ च्या कप विनर्स कपमध्ये प्रवेश मिळाला आणि पहिल्याच फेरीत स्कॉटलंडचा अ‍ॅबर्डीन वाट्यास आला. अ‍ॅबर्डीनचा व्यवस्थापक त्या उन्हाळ्यातच पदावर आला होता आणि व्यवस्थापक म्हणून युरोपीय स्पर्धेतील ही त्याची पहिलीच लढत होती. त्याचे नाव अ‍ॅलेक्स फर्ग्युसन. पहिल्या सामन्यात मारेक ३, अ‍ॅबर्डीन २. परतीच्या सामन्यात अ‍ॅबर्डीनने ३-० असा विजय मिळवून एकूण ५-३ ने बाजी मारली.

१८/ पाच वर्षांनी, १९८३ मध्ये, याच फर्ग्युसनच्या अ‍ॅबर्डीनने रिआल माद्रिदला २-१ असे हरवून हीच स्पर्धा जिंकली. पुढचा मँचेस्टरचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. त्या दीर्घ युरोपीय प्रवासातील पहिला पराभव मात्र बल्गेरियातील या शहरात झाला होता. फर्ग्युसनच्या यशाची कथा सांगताना हे पान बहुधा उलटून पुढे जाण्यात येते.

१९/ आता आपल्या प्रश्नाकडे परत येऊ. १९४७ मध्ये ‘मारेक’ हा शब्द एका नेत्याची आठवण होता. १९७८ नंतर जन्मलेल्या मुलास विचारले असते, तर त्याच्या मनात प्रथम कोण उभे राहिले असते? पक्षाच्या पुस्तकातील माणूस, की बायर्नला हरवणारा संघ? माझ्या मते संघच. शहराचे नाव टपालाच्या शिक्क्यावर आणि शासकीय कागदांवर होते, क्लबचे नाव लोकांच्या तोंडी होते.

२०/ राजवटीला मात्र अखेरपर्यंत असेच वाटत राहिले की नावे तिच्या मालकीची आहेत. जून १९८५ मध्ये लेव्हस्की आणि सीएसकेए यांच्यातील चषकाच्या अंतिम सामन्यात मारामारी झाली. पक्षाच्या केंद्रीय समितीने दोन्ही क्लब बरखास्त करून नव्या नावांनी उभे केले : लेव्हस्कीचे ‘वितोशा’ आणि सीएसकेएचे ‘स्रेदेत्स’. गैरवर्तन खेळाडूंचे आणि शिक्षा नावाला! पण ही नवी नावे रुजली नाहीत आणि राजवटीबरोबरच तीही गेली.

२१/ १० नोव्हेंबर १९८९ रोजी तोदोर झिव्हकोव्हची पस्तीस वर्षांची सत्ता संपली. मग नामकरणांची उलटी लाट आली. १९९० मध्ये टोल्बुखिन पुन्हा दोब्रिच झाले. स्तांके दिमित्रोव्ह हे शहरही आपल्या जुन्या नावाकडे, दुप्नित्साकडे, परतले. ब्लागोएव्हग्रादने मात्र आपले १९५० चे नाव तसेच ठेवले. म्हणजे नाव कम्युनिस्ट काळातले आहे, एवढ्यावरूनच त्याचे भवितव्य ठरत नव्हते.

२२/ मारेकच्या बाबतीत हा फरक एकाच शहराच्या आत दिसतो. शहराचे खरे नाव शतकांचे होते. ‘स्तांके दिमित्रोव्ह’ने ते झाकले होते, म्हणून झाकण काढताच जुने नाव वर आले. क्लबच्या नावाखाली मात्र झाकलेले असे काही उरलेच नव्हते. फेरेंत्सवारोश, बायर्न, १९७८ चा चषक, अ‍ॅबर्डीन हे सारे ‘मारेक’ याच नावाने घडले होते. ते नाव पुसणे म्हणजे राजवटीची नव्हे, आपलीच आठवण पुसणे.

२३/ नव्या काळाने क्लबला सुख दिले असे नाही. कारखाने आणि खात्यांचा आधार सुटल्यावर देशातील लहान क्लब अडचणीत आले. १९९६-९७ च्या आर्थिक संकटात तर बल्गेरियात महागाईने कळस गाठला होता. मारेक २००१ मध्ये प्रथम श्रेणीत परतला, २००८ मध्ये पुन्हा खाली गेला, २०१४-१५ मध्ये एका हंगामापुरता वर आला आणि परत घसरला. या साऱ्या चढउतारांत नाव मात्र कायम राहिले.

२४/ इतिहासाचे विद्यार्थी म्हणून यातून काय घ्यावे? नाव कोणी, कधी, कोणत्या हुकुमाने दिले याची नोंद अभिलेखागारात सहज सापडते. ते नाव लोकांनी पुढे कशासाठी वापरले, याची नोंद तितकी सहज सापडत नाही. ती सामन्यांच्या निकालांत, जुन्या छायाचित्रांत, घरातल्या गप्पांत विखुरलेली असते. पहिल्या नोंदीवर थांबलो तर मारेक हा केवळ एका राजवटीचा अवशेष वाटेल. दुसरी नोंद वाचली की तो एका शहराचा क्लब दिसू लागतो.

२५/ दुप्नित्सातील बोंचुक मैदानावर मारेकचे नाव घेणाऱ्या प्रेक्षकास आज स्तांके दिमित्रोव्हविषयी आदर असेल, राग असेल, किंवा काहीच वाटत नसेल. त्याने त्या नावाच्या अर्थात फरक पडत नाही. तो अर्थ १९७७ च्या नोव्हेंबरात पक्का झाला.

हुकुमाने आलेले पण पुढे लोकांनी आपलेसे केलेले एखादे नाव आपल्या अभ्यासात आढळले असेल, तर खाली अवश्य लिहा. पुढील धाग्यासाठी ते उपयोगी पडेल.