भरल्या घरांतील उपास

छत्रपति संभाजीनगर, म्हणजे पूर्वींचें औरंगाबाद, येथील मोसंबीच्या बागांत कधीं कधीं कोंवळीं पानें पिवळीं पडतात. शिरा मात्र हिरव्या राहतात. पुष्कळदां हा रोग नसून उपासमार असते. तिचें मर्म ग्रि या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८४३-४४ मध्यें ओळखलें. पिवळ्या पानांस लोहक्षाराचें पाणी लावतांच तीं हिरवीं झालीं! लोह हरितद्रव्याचा घटक नव्हे, तरी त्यावांचून तें घडत नाहीं. आणि हरितद्रव्यावांचून सूर्यप्रकाशांत अन्न तयार होत नाहीं. मग झाडाची वाढ खुंटते. १९२६ सालीं अमेरिकेंत जस्ताचीही आवश्यकता सिद्ध झाली. मराठवाड्याच्या काळ्या मातींत लोह असतें, पण तिच्यांतील चुन्यामुळें तें मुळांस लाभत नाहीं. कोठार भरलेलें, परंतु दाराला कुलूप! म्हणून शहाणा बागाइतदार खत घालण्यापूर्वीं मातीची परीक्षा करून घेतो.