मुंबईच्या सुतारांची 'सुहैली'

कोल्हापूरला समुद्र नाही, असं आपण सहज म्हणून जातो. 1812 पर्यंत तो होता. मालवण आणि सिंधुदुर्ग करवीरकर छत्रपतींकडे होते. त्यांचं स्वतःचं आरमार होतं. 1765 मध्ये इंग्रजांनी सिंधुदुर्ग घेतला, त्याला 'फोर्ट ऑगस्टस' असं नाव दिलं आणि पुढच्याच वर्षी तह करून तो परत केला. 1 ऑक्टोबर 1812 च्या तहानं मात्र मालवण गेलं ते कायमचं. लढाऊ गलबतं बाळगणार नाही, असंही कोल्हापूरकडून लिहून घेतलं गेलं. तेव्हापासून आपलं पाणी म्हणजे पंचगंगा आणि रंकाळा.

तहातली गलबतं इतिहासात आली. ती बांधणारे सुतार फारसे आले नाहीत. त्यांचं काम मात्र पश्चिम किनाऱ्यावर पुढंही चालूच राहिलं. त्या कामाची एक गोष्ट मला फार आवडते. ती मुंबईत घडली.

रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा तरुण इंग्रज व्यापारी जहाजावर अधिकारी होता. त्यानं 1963-64 मध्ये मुंबईच्या कुलाबा वर्कशॉपमध्ये स्वतःसाठी 32 फुटांची शिडाची होडी बांधून घेतली. आराखडा जुना, 1920 च्या दशकातला. लाकूड सागवान. हत्यारं आपल्या गावच्या सुताराकडं असायची तशीच: लाकूड तासायचा वाकस, भोक पाडायला दोरीनं फिरवायचा सामता. अशा होडीत आधी तळाचा कणा बसतो, मग पुढची नाळ, मग माणसाच्या बरगड्यांसारखी वाकडी लाकडं, आणि त्यावर फळ्या. फळ्यांच्या फटींत कापूस ठोकून बसवतात. मग डोलकाठ्या, शिडं, सुकाणू. डिसेंबर 1964 मध्ये होडी पाण्यात उतरली. नाव ठेवलं 'सुहैली'. इराणच्या आखातातले अरब खलाशी आग्नेयेच्या वाऱ्याला सुहैली म्हणतात.

या नावापाशी मी नेहमी रेंगाळतो. 'सुहैल' हे अरबीत एका ताऱ्याचंही नाव आहे. तो तारा म्हणजे आपला अगस्त्य, समुद्र पिऊन टाकणारा! आणि खलाशी, सारंग, नाखवा, सुकाणू, बंदर हे शब्द तरी कुठले? अरबी-फारसीतून आले आणि कोळीवाड्यात असे मुरले, की परके म्हणून ओळखूही येत नाहीत.

1968 मध्ये एकट्यानं, कुठंही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची शर्यत लंडनच्या 'संडे टाइम्स'नं जाहीर केली. नॉक्स-जॉन्स्टनला नवी होडी हवी होती, पण पैसा जमेना. मग हीच मुंबईची होडी घेऊन 14 जून 1968 ला तो इंग्लंडच्या फालमथहून निघाला. एकूण नऊ जण निघाले होते.

अटलांटिकमध्येच होडीच्या तळाशी, कण्याजवळच्या फटीतून पाणी येऊ लागलं. त्यानं बुडी मारली, फटीत कापूस बसवला आणि वरून तांब्याची पट्टी ठोकली. मधेच शार्क घिरट्या घालू लागला; तो बंदुकीनं मारावा लागला. मला इथं शार्कपेक्षा कापसाचं महत्त्व वाटतं. होडी सुतारानं ज्या रीतीनं बांधली, त्याच रीतीनं ती भर समुद्रात, एका माणसाला, हातोडी घेऊन दुरुस्त करता आली. पुढं शर्यतीतली टेटलीची प्लायवूडची होडी फुटून बुडाली. 22 एप्रिल 1969 ला, 312 दिवसांनी, 'सुहैली' फालमथला परतली. नवांपैकी शर्यत पुरी करणारा तो एकटाच. असा प्रवास त्याआधी कुणीही केलेला नव्हता.

नॉक्स-जॉन्स्टन जगाला माहीत झाला. मुंबईच्या त्या सुतारांची नावं आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहेत?

पुढं 2009-10 मध्ये कमांडर दिलीप दोंदे 'म्हादेई'तून एकट्यानं जग फिरून आले. असं करणारे ते पहिले भारतीय. त्यांना मार्गदर्शन नॉक्स-जॉन्स्टनचं, आणि होडी गोव्यातल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांनी बांधलेली. लाकडाच्या गाभ्यावर फायबरचा थर असलेली. दोंद्यांबरोबर बांधणाऱ्याचंही नाव वर्तमानपत्रांत आलं. दांडेकरांनीच पुढं 'सुहैली'ची प्रतिकृती 'थुरिया' बांधली. 2018 च्या शर्यतीत अभिलाष टॉमी ती घेऊन निघाले. दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात तिच्या डोलकाठ्या मोडल्या, टॉमींच्या पाठीला जबर मार बसला. 24 सप्टेंबरला त्यांना सोडवण्यात आलं. होडी तिथंच समुद्रात सोडून द्यावी लागली.